बारा दिवस टिकणारा रंग

पावसात माझ्याकडे कुणी येत नाही. ब्राझीलमधल्या आमच्या बेलेममध्ये सगळ्या कामांच्या वेळा 'पावसाआधी' नाहीतर 'पावसानंतर' अशाच ठरतात, त्यामुळे मधला तासभर माझी खुर्ची रिकामी असते. त्या मंगळवारी पाऊस तीनला दहा कमी असताना सुरू झाला. पाचच मिनिटांत एक माणूस माझ्या दारात येऊन उभा राहिला. शर्ट अंगाला चिकटलेला, केसांतून पाणी निथळतंय, आणि दोन्ही हात पुढे धरलेले. चोरानं पोलिसापुढे धरावेत तसे.

दहाही नखं निळी होती.

"अ‍ॅसिटोन मिळेल?" त्यानं विचारलं.

"हे औषधाचं दुकान नाही."

"दुकानातूनच येतोय. तो म्हणाला, एक बाटली पुरायची नाही, त्या नखांवालीकडे जा." त्यानं खोलीत नजर फिरवली. "नखांवाली तुम्हीच ना?"

मीच. मी जासिरा. जुरुनास वस्तीत, नदीपासून तिसऱ्या गल्लीत, आईच्या घराच्या पुढच्या खोलीत सहा वर्षं बायकांची नखं करते. पुरुषाची कधी केली नव्हती.

"रंग कसला आहे?"

"होडीचा. टर्पेंटाइननं घासलं, हातांवरून गेला, नखांच्या कडेनं बसला तो बसलाच. उद्या माझ्या भाच्याचा बाप्तिस्मा आहे आणि मी त्याचा धर्मपिता. बहीण म्हणाली, या हातांनी बाळाला उचललंस तर आधी तुला बुडवीन."

मला हसू आलं. ते आवरून मी खुर्ची दाखवली.

त्याचं नाव एलियेल. होड्यांवर नावं रंगवणारा. आमच्या नदीवरची प्रत्येक होडी आपलं नाव अंगावर घेऊन फिरते, पोटाशी जाड, टोकाला वळलेल्या, सावली दिलेल्या अक्षरांत. ती अक्षरं काढणारी माणसं आता मोजकीच उरली आहेत. एलियेल त्यांतला एक. हे त्यानं सांगितलं नाही. त्याचा हात माझ्या हातात होता, मला कळलं. तर्जनीच्या आतल्या बाजूला कुंचल्याचा घट्टा होता, आणि हात एवढा स्थिर की काडीला कापूस गुंडाळून मी कडा साफ करत होते तेव्हा एकदाही हलला नाही. बायका हलतात.

तो शेल्फवरच्या बाटल्यांची नावं वाचत होता. "'सासूची नजर'... 'रविवारचा आळस'... 'फोन करू नकोस'. यातला जास्त कुठला खपतो?"

"'फोन करू नकोस.' लावून झाल्यावर सगळ्या फोनच करतात."

"आणि टिकतो किती?"

"मी लावलेला दहा दिवस."

"फक्त?" त्यानं भुवई वर केली. "माझा रंग नदीत वर्षभर टिकतो. ऊन, पाऊस, धक्क्याचे टायर, सगळं सोसून."

"तुमची होडी भांडी घासत नाही."

तो हसला, आणि माझ्या हातातला त्याचा हात पहिल्यांदाच थोडा हलला. मी म्हटलं, "हलू नका." तो म्हणाला, "मी नाही हललो."

चाळीस मिनिटं लागली. पैसे द्यायला त्यानं खिशात हात घातला, भिजलेली नोट काढली, तेवढ्यात दारावरच्या माझ्या पाटीकडे त्याचं लक्ष गेलं. ती मीच लिहिली होती, सहा वर्षांपूर्वी, उरलेल्या रंगानं.

"हे कुणी केलं?"

"मी."

"नखं छान करता तुम्ही," तो म्हणाला. "नोट राहू दे. पाटी मी रंगवून देतो."

*

त्या पाटीला एक तास पुरला असता. एलियेलनं नऊ दिवसांत तीन दुपारी घेतल्या. पहिल्या दिवशी लाकूड घासलं, दुसऱ्या दिवशी आखलं, तिसऱ्या दिवशी रंगवलं. शेजारची झुइला मावशी आमच्या कोपऱ्यावर तकाका विकते. भोपळ्याच्या वाडग्यात गरम आंबट रस्सा, त्यात सुकी कोळंबी आणि जांबूचा पाला, ज्यानं ओठ झिणझिणून बधिर होतात. तिला तिच्या पातेल्यामागून सगळी गल्ली दिसते.

"पोरी, हा तुझं नाव लिहितोय की तुझं चरित्र?" दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं.

"अक्षर चांगलं यायला वेळ लागतो, मावशी."

"माझ्या नवऱ्यानं लग्नाच्या कागदावर अंगठा उठवला. एका क्षणात काम झालं."

त्याच दुपारी खुर्चीत एक गिऱ्हाईक होतं आणि एलियेल दारातून बघत होता. आम्ही इथे रंग लावताना नखाबरोबर आजूबाजूच्या कातडीवरही खुशाल येऊ देतो आणि मग काडीच्या टोकानं कड कोरून काढतो. इथल्या सगळ्या बायका असंच करतात, आणि कड अशी येते की कागदाची वाटावी. एलियेलला ते बघवेना.

"रेघेबाहेर रंगवायचं, मग पुसायचं?" गिऱ्हाईक गेल्यावर तो म्हणाला. "मी असं केलं तर मालक मला नदीत फेकेल."

"तुला काय कळतंय नखांतलं."

"रेघ कळते."

मी 'तू' म्हटलं होतं. ते आम्हा दोघांनाही एकदमच लक्षात आलं, आणि दोघांनीही दुरुस्त केलं नाही.

पाटी लागली. माझं नाव निळ्यात, त्याला लाल सावली, पहिल्या अक्षराच्या शेपटीला वेलीसारखी वळलेली एक वेलांटी. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून वाचायची. मी रोज सकाळी दार उघडलं की आधी बाहेर जाऊन ती बघायचे, आणि मग काहीतरी झाडल्यासारखं करायचे.

तो गुरुवार होता. मला आनंद एक दिवस पुरला.

*

शुक्रवारी पावसाआधी मार्लुसिया येते. दर शुक्रवारी. तिच्या वडिलांच्या दोन होड्या आहेत आणि तिसरी त्या वेळी धक्क्याजवळच्या कारखान्यात तयार होत होती. मार्लुसियाची बोटं लांब, नखं बदामी, आणि ती स्वभावानं चांगली आहे. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढे मी तिच्याबद्दल जे जे मनात आणलं त्यातलं तिनं काहीही केलेलं नव्हतं.

"अगं, ही पाटी एलियेलची ना?" ती बसता बसता म्हणाली. "मला लांबूनच कळलं. आमचंही काम तोच करतोय."

"हो का."

"होडीला माझं नाव देतायत बाबा. 'राजकन्या मार्लुसिया'. मी म्हटलं, अहो, लोक हसतील. ऐकतायत कुठे? दोन्ही बाजूंना आणि मागं, तीन ठिकाणी. एलियेल रोज असतो. दुपारी जेवायलाही आमच्याकडेच. एवढा लाजतो, आसाईच्या जांभळ्या गराचा वाडगा पुढं केला तर मान वर करत नाही."

माझ्याकडे त्यानं मान खाली केलेली मला आठवेना.

"पहिल्या फेरीला बाबा त्याला बरोबर नेतायत," ती पुढं म्हणाली. "सांतारेमपर्यंत. जाऊन येऊन बारा दिवस. मग मजाच... आई गं."

तिच्या अनामिकेच्या कडेला रक्ताचा थेंब आला होता. कातडी काढायची पक्कड माझ्या हातात होती. सहा वर्षांत माझ्या हातून कुणाला रक्त आलं नव्हतं.

"माझं लक्ष नव्हतं," मी म्हटलं. "माफ कर."

"असू दे गं. तुला बरं नाहीये का?"

मी कापूस दाबून धरला. तीन ठिकाणी, माझ्या मनात चाललं होतं. माझं नाव एका फळीवर, घराच्या दाराला, पावसाळी गल्लीत. तिचं तीन ठिकाणी, अख्ख्या नदीवरून मिरवत जाणार. आणि मला वाटलं होतं की वेलांटी फक्त माझ्यासाठी आहे.

*

पुढच्या मंगळवारी एलियेल आला तो पावसातच. आता ती त्याची वेळ झाली होती. खुर्चीत न बसता तो खिडकीच्या कठड्यावर टेकला.

"एक विचारू?"

"विचार."

"घरच्या घरी नखं रंगवायची, आणि रंग बारा दिवस टिकवायचा... तर काय काय करावं लागतं? सगळं सांग. पहिल्यापासून."

बारा दिवस. मी हातातली बाटली शेल्फवर ठेवली, लेबल समोर येईल अशी फिरवली, शेजारचीही फिरवली.

"कुणासाठी?"

"आहे एक." त्याचे कान लाल झाले. "तिला स्वतःचं स्वतः करायला जमत नाही."

"मग तिला म्हणावं, माझ्याकडे ये."

"तसं नाही चालणार. मलाच लावायचाय."

होडीवर नखं करणारी नसते. झोपाळे असतात, वारा असतो आणि तीन तीन दिवस करायला काही नसतं. वरच्या डेकवर एक लांब बोटांचा हात, दुसऱ्या हातात धरलेला... मला सगळं अगदी नीट दिसलं. कुणी विचारलं असतं तर तिनं कुठला रंग निवडला तेही सांगितलं असतं.

"लिही," मी म्हटलं.

त्यानं कानामागची पेन्सिल काढली, माझ्याकडचा बाटल्यांच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला आणि लिहू लागला. मी सांगत होते, शाळेत बाई शुद्धलेखन सांगतात तशा सुरात. आधीचा रंग पूर्ण काढ. कानस एकाच दिशेनं चालव, मागं-पुढं घासलंस तर नखाच्या टोकाला पापुद्रे सुटतात आणि रंग तिथूनच उडतो. कातडी कोमट पाण्यात भिजवू नकोस, नख पाणी पितं, फुगतं, मग सुकताना आक्रसतं आणि वरचा रंग तडकतो. त्याऐवजी क्रीम लाव, मुरू दे, काडीनं कातडी हलकेच मागं सरकव.

"क्रीम," तो पुटपुटला. "मुरू दे. पुढं?"

पुढं व्हिनेगर. कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर घेऊन प्रत्येक नख पुसायचं, कडेकडेनं, क्रीमचा अंशही राहता कामा नये. ही पायरी चुकली तर बाकी सगळं करून उपयोग नाही. रंग दोन दिवसांत सालीसारखा निघतो, अख्खाच्या अख्खा. माझ्या आईनं मला सगळ्यात आधी शिकवलं ते हेच.

"पुढं बेस कोट," मी म्हटलं.

पेन्सिल थांबली. "क्रीमनंतर लगेच?"

"लगेच."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. पाऊस पत्र्यावर वाजत होता, त्याच्या डोळ्यांत काय होतं ते मला वाचता आलं नाही. मी वाचायला थांबलेही नाही.

"नक्की?"

"सहा वर्षं करतेय मी हे."

"बरं," तो म्हणाला, आणि त्यानं लिहिलं.

बाकीचं मी सगळं खरं सांगितलं. बाटली हलवायची नाही, तळहातांत फिरवायची, हलवली की बुडबुडे येतात. दोन पातळ हात, एक जाड नको. मध्ये पाच मिनिटं. प्रत्येक वेळी ब्रश नखाच्या टोकाच्या कडेवरून फिरवायचा, टोक बंद व्हायला हवं. वरून टॉप कोट, आणि तिसऱ्या दिवशी त्याचा आणखी एक हात. पहिले काही तास गरम पाणी नको. भांडी, कपडे, अ‍ॅसिटोन यांना हात लावायचा तर रबरी हातमोजे घालून.

त्यानं पुठ्ठा शर्टाच्या आत, पोटाशी धरला आणि पावसात निघून गेला. मला वाटलं होतं, बरं वाटेल. थोडं वाटलंही. मग मी कल्पना करत बसले, तिसऱ्या दिवशी नदीच्या मध्यावर तिच्या अंगठ्यावरचा रंग सालीसारखा निघतोय, ती त्याला दाखवतेय, आणि तो म्हणतोय, जासिराला काही येत नाही.

त्या शेवटच्या वाक्याचा मी आधी विचार केला नव्हता.

*

बुधवारी मी होडी बघायला गेले. काही कामानं चालले होते असं सांगू शकते, पण त्या रस्त्याला माझं काही काम नसतं.

होडी मोठी होती, पांढरी, दोन मजली. पुढच्या बाजूला शिडी लावून एलियेल शेवटच्या अक्षराला सावली देत होता. खाली मार्लुसिया रंगाचा डबा धरून उभी होती, दोन्ही हातांनी, मी लावलेला पेरूच्या रंगाचा थर सांभाळत. ती काहीतरी म्हणाली, तो हसला, आणि त्याला हसताना शिडीचा आधार घ्यावा लागला. अक्षरं सुंदर होती. मी कितीही शोधलं तरी त्यांत खोट सापडली नाही. वेलांट्या मात्र मोजल्या. चार.

परत येताना झुइला मावशीनं न विचारता वाडगा हातात दिला.

"घे. तोंड बधिर झालं की माणूस वाईट बोलत नाही."

"मी काही बोलले का?"

"चेहरा बोलतोय, पोरी. गल्लीच्या टोकापासून ऐकू येतंय."

मी प्याले. ओठ झिणझिणले. आतलं काही बधिर झालं नाही.

*

शुक्रवारी मार्लुसिया आली आणि नेहमीसारखे हात पुढे करून बसली. अनामिकेवरची जखम भरली होती.

"उद्या निघायचं," मी म्हटलं. "बॅगा भरून झाल्या?"

"कुणाच्या?"

"तुझ्या. सांतारेमला."

ती एवढी हसली की मला तिचा हात सोडावा लागला. "मी? होडीवर? अगं, धक्क्याला बांधलेली असली तरी मला उलटी होते. बाबांनी मुद्दाम माझं नाव दिलंय, म्हणजे मी नाही तर निदान माझं नाव तरी फिरेल. तुझ्या एलियेलला मी हेच सांगत होते परवा, हसून पडायचा राहिला शिडीवरून."

"माझा कसला..."

"बरं, कुणाचा का असेना. पण मला नाही वाटत तो लवकर परत येईल. सांतारेमच्या कारखान्यानं त्याला विचारलंय, पाणी ओसरेपर्यंत राहतोस का म्हणून. सहा महिन्यांचं काम आहे. बाबा म्हणाले, अजून त्यानं हो-नाही सांगितलेलं नाही."

म्हणजे ती मार्लुसिया नव्हती. मला हायसं वाटायला हवं होतं. पण मार्लुसियाला निदान मी ओळखत होते, तिचे हात माहीत होते, तिच्या वाईटावर असणं सोपं होतं. आता सांतारेमला एक बाई बसली होती जिला चेहराच नव्हता. तिचं वय मी ठरवायचं, केस मी ठरवायचे, आणि मी काही कंजुषी केली नाही. सहा महिने. नाव रंगवायला एवढ्या होड्या असतात का कुठे?

एक निरोप पुरला असता. 'क्रीमनंतर व्हिनेगर.' दोन शब्द. त्या संध्याकाळी मी ते फोनवर दोनदा लिहिले आणि दोनदा पुसले. बेस कोट लावू दे तिला क्रीमवर, मी ठरवलं, आणि जेवले नाही.

*

शनिवारी पाऊस अडीचलाच आला. होडी सहाला सुटणार होती. तीनला पाच कमी असताना तो दारात उभा होता, पहिल्या दिवशीसारखाच भिजलेला, पण हात पुढे नव्हते. काखेत एक लाकडी पेटी होती.

"निरोप घ्यायला आलास?" मी म्हटलं.

"नाही. बस."

"कुठे?"

त्यानं खुर्ची दाखवली. गिऱ्हाइकाची.

सहा वर्षांत मी त्या खुर्चीत कधी बसले नव्हते. तिथून माझी खोली वेगळीच दिसत होती, शेल्फ उंच, खिडकी लांब. एलियेल माझ्या स्टुलावर बसला. पेटी उघडली. आत एक कानस, काड्या, कापूस, क्रीमची डबी, चार बाटल्या, आणि झाकणाला टाचणीनं लावलेला तो पुठ्ठा.

मी पुठ्ठ्याकडे बघत राहिले.

"हात दे," तो म्हणाला.

"माझे हात खराब आहेत."

"माहीत आहे. म्हणूनच म्हटलं, तिला स्वतःचं स्वतः जमत नाही."

नखं करणाऱ्या बाईच्या नखांवर रंग नसतो. दिवसभर अ‍ॅसिटोन, सकाळी लावला तर दुपारी गेला. माझी नखं आखूड होती, पांढुरकी, कडेची कातडी सोललेली. ती मी नेहमी टेबलाखाली ठेवते. एलियेलनं एकेक बोट उजेडात धरलं आणि घाई न करता कानस चालवली. एकाच दिशेनं. मग क्रीम. त्याचा अंगठा माझ्या प्रत्येक नखाभोवती सावकाश फिरत होता, आणि मी छपराच्या पन्हाळीतून पडणारं पाणी मोजायचा प्रयत्न करत होते. पाणी मोजता येत नाही.

काडीनं कातडी मागं सरली. त्यानं पुठ्ठ्यावर नजर टाकली, बेस कोटची बाटली तळहातांत फिरवली, झाकण उघडलं.

"बारा दिवस मी नसणार," तो म्हणाला. नजर ब्रशवर होती. "परत आल्यावर हा रंग असेल तर मी समजेन की... तू तो राहू दिलास. नसेल, तर तेही समजेन. तिकडे सहा महिन्यांचं काम आहे. मी त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. आज सांगायचंय."

ब्रश माझ्या अंगठ्याच्या वर आला. नखावर क्रीम चमकत होतं. दोन दिवस. फार तर तीन.

मी गप्प बसले असते तर रंग सुकला असता, तो गेला असता, आणि सोमवारी रात्री मी सगळं पुन्हा स्वतः नीट लावलं असतं. त्याला कधी कळलंही नसतं. हे मला सुचलं. एवढ्या पटकन सुचलं याचीच लाज वाटली.

"थांब," मी म्हटलं.

तो थांबला.

"एक पायरी... राहिलीये. मी सांगितली नाही तुला."

"विसरलीस?"

"नाही."

ब्रश धरलेला त्याचा हात अजूनही हलत नव्हता.

"क्रीमनंतर व्हिनेगरनं पुसायचं असतं. नाहीतर रंग धरत नाही. मला वाटलं, तू दुसऱ्या कुणाला लावणार. मला तिचा रंग टिकायला नको होता. मुद्दाम गाळलं मी."

"दुसऱ्या कुणाला?"

"आधी मार्लुसियाला. काल तिच्यावरून सांतारेमच्या बाईवर आले."

"सांतारेमला कुठली बाई?"

"ते तू सांग. माझ्याकडे तिचे केस कमरेपर्यंत आहेत."

एलियेलनं ब्रश बाटलीत ठेवला आणि झाकण लावलं. मग पेटीच्या तळातून एक छोटी बाटली काढून टेबलावर ठेवली. मी वास घेतला. व्हिनेगर होतं.

तो बोलला, हळू, जणू एखादी सरळ रेघ ओढतोय.

"जासिरा, मी होड्या रंगवतो. कारखान्यातून आलेल्या लाकडावर तेल असतं, ग्रीस असतं. ते पुसल्याशिवाय अस्तराचा हात देत नाहीत, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. तू म्हणालीस 'लगेच', तेव्हाच मला कळलं."

"मग लिहिलंस का?"

"दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर म्हटलं असतं, हिला येत नाही. पण तू? दहा दिवस टिकणारा रंग देणारी?" तो आता हसत होता, पण कान लाल होते. "घरी जाईपर्यंत विचार करत होतो, ही असं का करेल. कारण एकच सापडलं. एवढा खूश झालो की चुकीच्या गल्लीत वळलो."

"आणि आज? तेलावरच लावणार होतास?"

"तू लावू दिला असतास तर लावला असता. आणि सहाला त्यांना हो म्हटलं असतं."

बाहेर पाऊस कमी होत आला होता. मी दोन्ही हात टेबलावर ठेवले, पालथे, दहाही बोटं पसरून.

"पूस," मी म्हटलं. "कडेकडेनं. अंशही राहता कामा नये."

त्यानं नखं पुसली. बेस कोट दिला. मग दोन बाटल्यांतला रंग, खाली गडद निळा, वर दुधी निळ्याचा पातळ हात. पहिल्या दिवशी त्याच्या नखांत होता अगदी तोच निळा. वरून टॉप कोट. एकदाही रेघेबाहेर गेला नाही. साफ करायची काडी कोरडीच राहिली, आणि मी ते बोलून दाखवलं नाही. त्याला तेवढं कळत होतं.

नखं ओली असताना झुइला मावशी दारात आली, पाऊस थांबल्याचं निमित्त करून, एकच वाडगा घेऊन. माझे हात बघितले, त्याचं तोंड बघितलं, वाडगा त्याच्या हातात दिला आणि गेली. मला काही धरता येत नव्हतं. त्यानं वाडगा माझ्या ओठांना लावला, मग स्वतःच्या. नंतर ओठ बराच वेळ झिणझिणत होते. मावशीला मी सांगितलं की पाला ताजा होता.

*

पुढचे बारा दिवस मी रबरी हातमोजे घालून नखं केली. गिऱ्हाइकं हसली. मार्लुसियानं मोजा ओढून बघितलं, निळा रंग ओळखला आणि मोजा पुन्हा नीट चढवून दिला. तिसऱ्या दिवशी मी टॉप कोटचा आणखी एक हात दिला. अकरावा दिवस निर्वेध गेला. बाराव्या दिवशीही काही उडालं नाही, पण होडी आली नाही. सांतारेमच्या त्या बाईचे केस बाराव्या रात्री आणखी दोन इंच वाढले.

होडी तेराव्या दिवशी आली, पावसानंतर. धक्क्याची फळकुटं ओली होती. एलियेल उतरला, सरळ माझ्यापाशी आला आणि हात पुढे केला. मी माझा दिला. त्यानं उजेडाकडे फिरवला. उजव्या तर्जनीच्या टोकावर तांदळाच्या दाण्याएवढा रंग गेला होता.

"कुठली पायरी चुकली?"

"कुठलीच नाही. तू बारा दिवस म्हणाला होतास. आज तेरावा आहे. आज सकाळी मी मोजे न घालता भांडी घासली."

"वाळूचा पट्टा लागला वाटेत. अख्खा दिवस अडकलो."

मी ऐकत होते, पण माझी नजर त्याच्या हातांवर गेली होती. सहा महिन्यांचं काम नाकारून तो तिकडे एक आठवडाच रंगकाम करून आला होता. त्याची नखं स्वच्छ होती. दहाही. कातडी मागे सरकवलेली, कडा घासलेल्या.

"ही कुणी केली?" मी विचारलं.

"मीच. पुठ्ठा होता ना."

मी त्याचे दोन्ही हात वर उचलून एकेक नख तपासलं. डाव्या हाताची नीट होती. उजव्या हाताची कातडी वाकडी सरकली होती, अंगठ्यापाशी तर फारच. उजव्या हातानं काम करणाऱ्या माणसानं स्वतःच डाव्या हातानं केलेलं काम होतं ते, दुसऱ्या कुणाचंही नाही.

मग मी विश्वास ठेवला.